ठोकेबाई आणि बारा मिनिटं

ऑपरेशन थिएटरमध्ये मोठ्या सरांना ‘बास’ म्हणणारं माणूस सबंध इस्पितळात एकच होतं आणि त्या माणसाची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी होती. नाकावर मास्क, हातात घड्याळ आणि पायाखाली लाकडी पाट. कारण पाटावर उभं राहिल्याशिवाय तिला टेबलावरचं काही दिसत नसे. कागदोपत्री ती दोन्ही थिएटरांची मुख्य सिस्टर होती. वॉर्डबॉय, आया, भूल देणारे आणि भूल उतरलेले, सगळे तिला पाठीमागे ठोकेबाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती. तिला ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं तिने कधी दाखवलं नाही.

हे नाव पडलं लिव्हरच्या ऑपरेशनांमुळे. लोक छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवून काळजाच्या गोष्टी करतात. खाटकाला विचारलंत तर तो खरं काळीज उजव्या बरगडीखालून काढून दाखवेल. तेच हे लिव्हर. रक्ताने इतकं ओथंबलेलं असतं की नुसती सुरी टेकवली तरी टेबल भरतं. म्हणून त्यातली गाठ कापायची असली की सर्जन आधी लिव्हरकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती एक पट्टी घालून ती आवळतो. रक्त थांबतं, मग निवांत कापता येतं. पण निवांत फक्त सर्जन असतो. तिकडे लिव्हर श्वास कोंडल्यासारखं तडफडत असतं. म्हणून नियम असा की पट्टी पंधरा मिनिटं आवळायची, पाच मिनिटं सैल सोडायची आणि मग पुन्हा आवळायची.

हे मोजायचं कोणी? कापणाऱ्याला वेळेचं भान नसतं. गाठ समोर दिसत असली की त्याला पंधरा मिनिटं चारसारखी वाटतात. म्हणून पट्टी आवळली की ठोकेबाईचं घड्याळ सुरू होई. ‘दहा.’ ‘बारा.’ ‘चौदा.’ आणि मग ‘पंधरा. सोडा, सर.’ सर कधी म्हणत, ‘दोनच मिनिटं, सिस्टर.’ त्यावर ती तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणे. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ बावीस वर्षांत फारशी आली नव्हती.

याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, या सरांच्याही आधीच्या काळात, एका शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी चाळीस मिनिटं आवळलेली राहिली. गाठ अशी सुरेख निघाली की बाकीचे डॉक्टर बघायला आले. चौथ्या दिवशी बाई पिवळ्या पडल्या आणि नवव्या दिवशी गेल्या. हत्यारं हातात द्यायला तेव्हा हीच उभी होती. ‘माझ्या छातीवर घड्याळ टाचलेलं होतं आणि मी एकदाही मान खाली घालून बघितलं नाही,’ असं ती पुढे एकदाच, आपल्या दिराजवळ बोलली. तो अपराध तिने आयुष्यभर स्वतःला माफ केला नाही, आणि पुढचा तिचा सगळा तोरा त्यातून आलेला होता.

दीर म्हणजे भाऊजी. बस डेपोत मेकॅनिक. तिचा नवरा गेला तेव्हा भाऊजींनी वरच्या मजल्यावरची आपली खोली सोडून खालची घेतली आणि ‘वहिनी, तुम्हाला एकटं वाटलं तर फरशीवर पाय आपटा, मी शिव्या द्यायला वर येईन,’ असं सांगून मोकळे झाले. त्या घराला रडून सांगायची सवयच नव्हती. तिला स्कूटर त्यांनीच शिकवली, आणि शिकवताना तिने दोनदा त्यांना भिंतीत घातलं हेही चारचौघांत तेच सांगत.

लिव्हरचा सगळ्यात मोठा घोळ तिला उमगला तोही भाऊजींमुळे. नुकसान नुसतं रक्त बंद असताना होत नाही, त्याहून जास्त ते रक्त परत सोडल्यावर होतं, असं सर शिकाऊ डॉक्टरांना सांगत. ते तिच्या डोक्यात शिरेना. भाऊजी हातावरचं ग्रीस पुसत म्हणाले, ‘त्यात काय कळायचंय? इंजिन कोरडं उभं राहिलं की तितकं झिजत नाही. कोरड्याला एकदम स्टार्टर मारला की झिजतं.’ दुसऱ्या दिवशी तिने हेच उदाहरण सरांच्या वर्गात सांगितलं आणि सर हसून म्हणाले, ‘सिस्टर, तुमच्या दिराला प्राध्यापक करू या.’

मोठे सर वाईट माणूस नव्हते. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही त्यांना मनातल्या मनात खलनायकाच्या मिशा लावाल. त्यांचा हात हलका होता, पेशंटच्या उशाशी बसून बोलत, आणि पेशंट गेला तर दोन दिवस जेवत नसत. पण ते माणूस घाईचं होतं. चांगलं काही दिसलं की ते उद्याच्या उद्या सगळ्यांना मिळालं पाहिजे असं त्यांना वाटे.

असं एक औषध त्यांना दिसलं. पट्टी आवळायच्या तासभर आधी सलाईनमधून द्यायचं. रक्त परत आल्यावर लिव्हरला जी इजा होते ती म्हणे या औषधाने आटोक्यात राहते. ठोकेबाईला तर हे ऐकून आकाश ठेंगणं झालं. तिला शिवणाच्या बाई आठवल्या. औषधाचं स्वागत कोणी सगळ्यात आधी केलं असेल तर तिनेच. पण सर पुढे म्हणाले, ‘हे औषध असलं की पट्टी एका दमात तीस मिनिटं ठेवता येईल. सारखं बांधा आणि सोडा, त्यातच रक्त जातं.’

‘आधी औषध चालतं का ते कळू दे, मग मिनिटं वाढवा,’ ती म्हणाली. ‘दोन्ही एकदम केलंत तर तारलं कोणी आणि मारलं कोणी, कळणार कसं?’

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी अभ्यासाच्या केसेस दोन नंबरच्या थिएटरमध्ये हलवल्या. तिथली माणसं तरुण होती, भूल देण्याचं मशीन नवं होतं आणि ‘सोडा, सर’ म्हणणारं कोणी नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं दोघांनाही वाटलं असणार.

सहा महिन्यांत एकोणीस पेशंट झाले. सगळ्यांना औषध दिलं. कागदांवर पट्टीची वेळ कुठे सव्वीस मिनिटं, कुठे एकोणतीस, एके ठिकाणी एकतीस. आणि एकही पेशंट पिवळा पडला नाही. सरांनी जाहीर केलं की येत्या एक तारखेपासून औषध आणि तीस मिनिटं, हाच आपला नियम.

त्याच महिन्यात भाऊजींच्या पोटात गाठ निघाली. लिव्हरमध्ये, खोल, लिंबाएवढी. वर लिव्हरला चरबी चढलेली. अशा लिव्हरला रक्तबंदी आधीच सोसत नाही. सरांनी स्वतः तपासलं, चित्रं बघितली आणि सांगितलं, ‘गाठ निघेल. पण खोल आहे, वेळ लागेल. बरं झालं, आता आपल्याकडे औषध आहे. नव्या नियमातले पहिले पेशंट हेच.’

ठोकेबाईला त्या क्षणी आपलं चुकलं असं वाटलं. एकोणीस माणसं खोटं कशी बोलतील? आपण उगाच साप साप म्हणून भुई धोपटली, सर दूरचं बघत होते, आपण पाटावर चढूनही जवळचंच बघत होतो. ती त्या दिवशी घरी जाऊन जावेला म्हणाली, ‘काळजी करू नकोस गं. सरांनी नवीन रस्ता काढलाय.’ जाऊ तिच्या गळ्यात पडून रडली. नातेवाइकाच्या ऑपरेशनला घरच्या सिस्टरने आत थांबायचं नाही असा इस्पितळाचा नियम होता. त्यामुळे त्या दिवशी तिचं घड्याळ दाराबाहेरच राहणार होतं.

एकोणीस पेशंटांचे कागद आता तपासणी समितीकडे जायचे होते. त्यांवर वेळेची साक्ष म्हणून मुख्य सिस्टरची सही लागे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गठ्ठा घेऊन बसली आणि कधी नव्हे ते खुशीत सह्या करायला पेन उघडलं. तिची सवय वाईट. न वाचता तिने कधी दूधवाल्याच्या वहीवरही सही केली नव्हती. पहिल्या कागदामागे लॅबची चिठ्ठी टाचलेली होती. पट्टी सोडल्यावर पाच मिनिटांनी रक्त काढायचं आणि लॅबमध्ये धाडायचं, लॅबवाले काका ते हातात पडताच वेळेचा शिक्का मारत. काका नोकरीला लागल्यापासून शिक्का मारल्याशिवाय नमुन्याला हात लावत नसत, मग आणणारा कितीही बोंबलो.

कागदावर लिहिलं होतं: पट्टी सोडली, अकरा तीस. रक्त काढलं, अकरा पस्तीस. काकांचा शिक्का होता, अकरा एकोणतीसचा.

तिने चष्मा काढून पुसला. रक्त काढायच्या सहा मिनिटं आधी लॅबमध्ये पोचलं होतं. रक्ताला पाय फुटले, की काकांना दिव्य दृष्टी आली? तिने दुसरा कागद काढला. तिथे पाच मिनिटं आधी. तिसऱ्यात सात. एकोणीसच्या एकोणीस नमुने जन्मायच्या आधी शाळेत पोचले होते. डबा तसाच ठेवून ती उठली.

दोन नंबरच्या थिएटरमध्ये तेव्हा कोणी नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास, दिवे अर्धे विझवलेले. ती दाराशी उभी राहून तिथलं काम डोळ्यांसमोर आणू लागली. पट्टी आवळताना सिस्टरचे हात मोकळे असतात, तेव्हा ती भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लिहिते. पट्टी सोडताना तिची तारांबळ असते, गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या द्यायच्या, आधीच्या मोजायच्या. म्हणून ती वेळ पलीकडे बसलेला भुलीचा टेक्निशियन लिहितो. आणि तो कशाला मान वर करून भिंत बघेल? त्याच्या नाकासमोर मशीनचा पडदा असतो, त्यावर वेळ असते.

भिंतीवर एक वाजून आठ मिनिटं झाली होती. मशीनच्या पडद्यावर एक वाजून वीस.

बारा मिनिटं. मशीन बसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघून वेळ लावली असणार, आणि उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पुढे ठेवणारी जी जमात असते तिच्यातलाच तो असणार. प्रत्येक जण आपापल्या घड्याळाशी इमानदार होता. दुसऱ्याचं कोणी बघितलं नव्हतं. ज्याला सगळे तीस मिनिटं म्हणत होते ती खरी अठरा होती. जिथे सव्वीस लिहिली होती तिथे चौदा. एकोणीस पेशंटांपैकी एकाचंही लिव्हर वीस मिनिटंसुद्धा बंद राहिलेलं नव्हतं. आणि या कागदांच्या भरवशावर भाऊजींचं चरबी चढलेलं लिव्हर सलग तीस मिनिटं बांधलं जाणार होतं.

दोन मिनिटं ती चाकाच्या स्टुलावर बसली. आणि मग तिला जो राग आला तो असा की स्टूल मागे सरकून भिंतीवर आपटलं.

तिने सरांना आणि भूल देणाऱ्या मॅडमना तिथेच बोलावलं. सर चहा अर्धा टाकून आले. ‘सर, आत्ता किती वाजले?’ तिने विचारलं. सरांनी भिंतीकडे बघितलं. ‘दीड वाजायला पाच.’ ‘मॅडम, तुमचं काय म्हणणं?’ मॅडमनी सवयीने पडद्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

‘माझं मशीन नवीन आहे,’ त्या म्हणाल्या.

‘नवीनच आहे. आपल्यापेक्षा बारा मिनिटं पुढे आहे.’

सरांनी कागद घेतले, शिक्के बघितले, परत दिले. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्यांना कळलंय. तिला वाटलं, आता म्हणतील, सिस्टर, थोडक्यात वाचलो. पण सहा महिन्यांचं काम, जाहीर झालेला नियम, समितीची तारीख. माणूस मोठा असला की त्याला मागे वळायला रस्ताही रुंद लागतो. ते म्हणाले, ‘लॅबचं घड्याळ मागे नसेल कशावरून? आणि बारा मिनिटांनी असा काय फरक पडतो? पेशंट बरे झाले की नाही?’

‘लॅबचं आणि भिंतीचं घड्याळ मी आत्ता फोनवर जुळवून घेतलं, सर. मिनिटाचाही फरक नाही. पेशंट बरे झाले ते अठरा मिनिटांत. तीस मिनिटं इथे अजून कोणी सोसलेली नाहीत. तुम्ही पहिली माझ्या दिरावर बघणार.’

‘म्हणजे हा घरचा मामला आहे तर.’

‘आहेच!’ तिचा आवाज चढला. ‘घरचाच आहे. त्या एकोणीस जणांचं इथे घरचं कोणी नव्हतं, म्हणून तर सहा महिने बारा मिनिटं कोणाला सापडली नाहीत.’

‘सिस्टर, हळू बोला. बावीस वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली काम केलंत. खाल्ल्या घरचे वासे मोजू नका.’

‘मोजणं हेच माझं काम आहे, सर. तुम्हीच दिलंय. आणि हाताखाली नाही, मी टेबलाच्या पलीकडे उभी राहिले. बावीस वर्षं तुमच्या समोर.’

‘सही करायची नसेल तर मी दुसऱ्या सिस्टरची घेईन.’

‘घ्या. पण मी का केली नाही ते माझ्या अक्षरात त्याच गठ्ठ्याला टाचलेलं असेल. ते काढायचं तर टाचणी तुम्हाला स्वतःच्या हाताने उपटावी लागेल.’

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. एवढं बोलून ठोकेबाईने गठ्ठा उचलला आणि ती बाहेर पडली.

समितीला लिहायचं पत्र तिने तीनदा लिहिलं. पहिल्यात राग इतका होता की मुद्दा सापडेना. दुसऱ्यात स्वतःचीच बाजू जास्त झाली. तिसरं सरळ उतरलं: ‘पट्टी आवळल्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाची आणि सोडल्याची वेळ मशीनची आहे. दोघांत बारा मिनिटांचा फरक आहे. लॅबचे एकोणीस शिक्के सोबत जोडले आहेत. औषध चांगलं असेल किंवा नसेल, या कागदांवरून ते कळत नाही. म्हणून मी सही करत नाही.’ संध्याकाळी ती पत्र द्यायला निघाली तेव्हा मॅडम जिन्यात भेटल्या. त्या मधल्या वेळात जुन्या नोंदी एकेक करून तपासून आल्या होत्या. त्यांनी पत्र भिंतीवर धरून वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं, ‘मशीन माझ्या ताब्यात होतं. चूक माझी. वरील मजकूर खरा आहे.’ ठोकेबाई त्यांना थँक्यू म्हणाली नाही. दोघींनाही ते नको होतं.

समितीने तीस मिनिटांचा नियम थांबवला आणि अभ्यास नव्याने करायला सांगितलं. आता पट्टी पंधराच मिनिटं, वेळ एकाच घड्याळाची, निम्म्या पेशंटांना औषध आणि निम्म्यांना नुसतं सलाईन, बाटल्या सारख्या दिसणाऱ्या, आत काय ते फक्त औषधांच्या खोलीतल्या एका बंद कपाटाला ठाऊक. या सगळ्याच्या तयारीला तीन आठवडे लागणार होते आणि तोवर थांबू शकणारी लिव्हरची ऑपरेशनं पुढे ढकलली होती. त्याच दिवशी आणखी एक कागद निघाला: मुख्य सिस्टरची बदली, तळमजल्यावर, जखमांच्या ड्रेसिंगच्या खोलीत. कारण, ‘वरिष्ठांशी वर्तन’. तिने तो नीट वाचला. त्यातली वेळ आणि तारीख बरोबर होती, म्हणून सही केली.

घरी मात्र तिची खरी वरात निघाली. तीन आठवडे ऑपरेशन पुढे गेलं, हे ऐकून जावेच्या डोळ्यांत अंगार पेटला.

‘ताई, तुमच्या हट्टापायी माझा माणूस पोटात गाठ घेऊन बसणार? सगळं ठरलं होतं! तुम्हाला कुठेच गप्प बसवत नाही का हो?’

‘नाही बसवत,’ ती म्हणाली. ‘एकदा बसले होते. बाईंना नऊ दिवस लागले मरायला.’

जाऊ चार दिवस तिच्याशी बोलली नाही. गाठ तीन आठवडे थांबू शकते असं दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण डॉक्टरांनी सांगितलेलं आणि बायकोच्या मनाने ऐकलेलं यांत फार अंतर असतं. ठोकेबाईला स्वतःलाही रात्री झोप लागत नव्हती. गाठ या तीन आठवड्यांत वाढली तर? मग तिच्या खरेपणाचं लोणचं घालायचं का? ही भीती तिने कोणाला सांगितली नाही. दिवसा ती ड्रेसिंगच्या खोलीत लोकांच्या पायांच्या पट्ट्या सोडत होती आणि नीट पाय वर न ठेवणाऱ्यांना फैलावर घेत होती. तीन वर्षांनी निवृत्त होईपर्यंत ती तिथेच राहिली. थिएटरमध्ये तिला परत कोणी बोलावलं नाही, आणि तिनेही कोणाच्या नाकदुऱ्या काढल्या नाहीत.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भाऊजींसमोर संमतीचा कागद आला. नव्या अभ्यासात भाग घेणार का? बाटलीत औषध असेल किंवा नुसतं सलाईन. नाही म्हटलं तरी ऑपरेशन होईलच.

‘अजिबात नाही!’ जाऊ म्हणाली. ‘ज्या औषधावरून एवढं रामायण झालं ते आमच्या अंगात नको.’

भाऊजींनी वहिनीकडे बघितलं. ‘तुम्ही सांगा. तुम्हीच तर त्या औषधाच्या विरोधात उभ्या राहिलात ना?’

‘मी औषधाच्या विरोधात कधी नव्हते. खोट्या कागदाच्या होते.’ ती खाटेच्या कडेवर बसली. ‘भाऊजी, हे औषध खरंच लिव्हर वाचवत असेल तर मला ते हवंय. माझ्याएवढं ते कोणालाच हवं नसेल. पण ते वाचवतं की नाही हे आज मलाही माहीत नाही, सरांनाही नाही. हे सरळ मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायला माणसं लागतात. तुमचा जीव आहे. नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही.’

‘तुम्ही एक शब्द बोलणार नाही? मग तेच बघायला नाही म्हणावं असं वाटतंय,’ भाऊजी म्हणाले. जाऊसुद्धा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मग रडली. भाऊजींनी पेन घेतलं. सही करताना त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं. पण तिने पेन काढून घेतलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी दोघी जावा बाहेरच्या बाकावर होत्या. आत नवी सिस्टर होती, बावीस-तेवीस वर्षांची, पातळ आवाजाची. ठोकेबाईने तिला काही शिकवलं नव्हतं, कारण बदली झालेल्या बाईने जाता जाता शहाणपण पाजू नये असं तिचं मत होतं. आता बाकावर बसून त्या मताचा तिला भयंकर पश्चात्ताप होत होता. साडेचार तासांनी मॅडम बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, ‘निघाली. सगळी निघाली.’ जावेने तिचा हात इतका दाबला की दोन दिवस बोटं दुखत होती.

पण तिला अजून चौथा दिवस बघायचा होता. रोज ड्रेसिंगची खोली बंद केली की ती वर जाऊन आधी भाऊजींच्या डोळ्यांचा पांढरा भाग खिडकीच्या उजेडात बघे. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा मोठे सर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन खाटेपाशी उभे होते. बदलीनंतर दोघं प्रथमच समोरासमोर येत होते. शिकाऊ डॉक्टर भिंतीकडे सरकले.

भाऊजींचे डोळे स्वच्छ पांढरे होते.

‘डॉक्टर, माझ्या बाटलीत औषध होतं की पाणी?’ भाऊजींनी विचारलं.

‘मला माहीत नाही,’ सर म्हणाले. ‘सगळे पेशंट झाले की कपाट उघडेल. दोनेक वर्षं लागतील.’

‘म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?’

‘नाही.’ सरांना हा शब्द उच्चारायला कष्ट पडले, पण त्यांनी तो स्पष्ट उच्चारला. मग ते ठोकेबाईकडे न बघता म्हणाले, ‘पट्टी तीनदा आवळली. चौदा मिनिटं, पंधरा आणि अकरा.’

‘कोणी लिहिली?’ तिने विचारलं.

जावेने मागून तिची ओढणी ओढली. अजून काय हवंय या बाईला, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. माणूस वाचलाय, सर स्वतः सांगताहेत, आता तरी गोड बोलावं.

‘कागद बघू,’ ती म्हणाली.

खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला कागदांचा गठ्ठा सरांनी स्वतः काढला आणि तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, खिडकीपाशी गेली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आवळली, सोडली, रक्त काढलं, लॅबचा शिक्का. बोट ठेवून, एकेक ओळ. तिला घाई नव्हती. सरांचा राउंड अर्धा राहिला होता, पुढच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला होता, पण तिचं वाचून होईपर्यंत मोठे सर जागचे हलले नाहीत.